विहंगवनातलं लाल पाणी

१

साहेब, मेलेल्या पाखरांपाशी उभं राहून तुम्ही आधी नाकाला रुमाल लावलात आणि मग आरोपी ठरवलात. एका पाखराला हात लावला नाहीत, वाकून बघितलंसुद्धा नाही. हातातला चहा निवायच्या आत निकाल देऊन मोकळे. इतक्या झटपट निकाल देणारा एकतर देव असतो, नाहीतर लबाड. देव तुम्ही नाही. फोटो मात्र देवासारखा जिथे तिथे टांगलेला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशकातलं एक कॉलेज. नाव लिहीत नाही, कारण अशी कॉलेजं शोधायला लांब जावं लागत नाही. साहेब म्हणजे ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरगावची समिती येणार होती आणि हिरव्या परिसराला वेगळे गुण होते. मग साहेबांना पक्षी हवेसे झाले. कुंपणालगतच्या जुन्या बाभळी आणि बोरी जेसीबीनं उपटल्या, फरशा ठोकल्या, मध्ये सिमेंटचा राजहंस बसवला, त्याच्या चोचीतून कारंजं सोडलं. झाडांवर संस्थेचं बोधचिन्ह रंगवलेली लाकडी घरटी टांगली. मेंदीच्या कुंपणात स्पीकर लपवून त्यातून कोकिळा वाजवली. नाव ठेवलं विहंगवन. आली फक्त कबुतरं. ती आधीपासूनच होती.

हे सगळं होण्याआधी एका बाईनं सांगून ठेवलं होतं. तेजल भोये, पेठकडच्या पाड्यावरची. तिकडची पहिली एम.एस्सी. इथं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते, म्हणजे तास घेतला तर पगार, नाहीतर घरी जा. बैठकीत उभी राहून म्हणाली, "सर, पाखरं पत्रिका बघून येत नाहीत. त्यांना झुडूप लागतं, उभं गवत लागतं, किडे लागतात. झुडूप आपण उपटलं, किडे फवारून मारले. आणि सर, डिसेंबरात कोकिळ असा ओरडत नाही."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

तरी चमत्कार झाला. समिती आली त्या दुपारी विहंगवनात पाखरं हजर. चिमुकली, लालभडक, खालच्या फांद्यांवर ओळीनं बसलेली. माणसं हातभर अंतरावर गेली तरी हलेनात. समितीच्या अध्यक्षांनी मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाले, "माणसाळलेत अगदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पाखरं पाण्याच्या कुंडाभोवती मरून पडली होती. कुंडातलं पाणी लाल झालं होतं.

साहेब धावत आले. साहेबांची एक सवय आहे. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते 'महाराज' म्हणतात. आदरानं नाही, नावं लक्षात ठेवायचा कंटाळा म्हणून.

"हे विष आहे, महाराज," माळ्याला ते म्हणाले. मग गळा काढून जमलेल्या सगळ्यांना, "कोवळे जीव. पंख असून उडता आलं नाही बिचाऱ्यांना. कोण टाकतं इथं दाणे?"

दाणे तेजल टाकायची. घरून आणलेली नागली, म्हणजे नाचणी.

तासाभरात तिच्यासमोर कागद आला. घरच्या धान्याला किडीचं औषध लागलेलं होतं, चूक माझी, असं त्यात आयतं लिहिलेलं. जेवणानंतर समितीची शेवटची बैठक, त्याआधी सही करायची. नाहीतर वनखात्यात आणि पोलिसांत तक्रार. पुढच्या महिन्यात तेजलची कायम जागेसाठी मुलाखत होती. जंगली पाखरं मारल्याचा गुन्हा लागलेल्या बाईला प्राणिशास्त्र शिकवायला कोण ठेवणार? आणि सही केली तर तोच गुन्हा स्वतःच्या हातानं कबूल.

तेजलनं पेन उचललं. मागून कोणीतरी ते तिच्या बोटांतून काढून घेतलं.

२

पेन काढून घेणाऱ्या बाईचं नाव चंद्रभागा निरभवणे. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. त्याआधी आयुष्यभर पोलिसात, निवृत्त झाल्या तेव्हा हवालदार. मुली त्यांना घाबरतात आणि आजारी पडल्या की त्यांच्याच खोलीत जाऊन झोपतात.

"वाचलंस का सगळं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं, मॅडम."

"खरंय?"

"नाही."

"मग पेन कशाला धरलंस? हात शिवशिवतोय तर माझ्या स्वेटरची बाही विणून दे. चल, मढी बघू."

विहंगवनात आता कोणी नव्हतं. कारंजं अजून चालू होतं. समितीच्या स्वागताला त्याच्याखाली रंगीत दिवे लावले होते, ते काल संध्याकाळपासून बंद करायची कोणाला आठवण नव्हती. वाऱ्याबरोबर फवारा थेट कुंडावर पडत होता. फरशी ओली, हवा अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी.

चंद्रभागाबाईंनी आधी मेलेली पाखरं बघितलीच नाहीत. त्या कबुतरं बघत उभ्या राहिल्या. दाण्याच्या ताटल्यांवर कबुतरं नेहमीसारखी माजोरीपणानं फिरत होती. एक तर कुंडाच्या काठावर बसून लाल पाणी पीत होतं.

"ही रोज इथंच खातात?"

"इथंच. नागली मी छोट्या पाखरांसाठी टाकते, निम्मी हीच संपवतात."

"मग ही का नाही मेली?"

तेजलनं डोळे पुसले आणि कबुतरांकडे बघितलं. रडण्यात तिच्या हे लक्षात आलं नव्हतं. साहेब, तुमच्याही आलं नव्हतं. पण तुम्ही रडत नव्हता.

बाईंनी पदराचं टोक कुंडात बुडवलं. टोक गुलाबी झालं. मग एक पाखरू उचलून त्याची छाती ओल्या पदरानं चोळली. लाल रंग पदराला आला आणि खालून बदामी पिसं निघाली, त्यांच्यावर माशाच्या खवल्यासारखी नक्षी.

"अगं बाई," तेजल म्हणाली. "ही तर साधी मुनिया आहे."

"साधी म्हणजे?"

"शेतात, गवतात थव्यानं असते ती. लाल नसते. मॅडम, हिला कोणीतरी रंगवलंय."

३

पहिला नंबर माळ्याचा लागला, कारण फवारणीचा पंप त्याच्याकडे असतो. सावळीराम कुंपणापाशी उकिडवा बसला होता. बाईंना बघून उठला.

"जय भीम, मॅडम. माझं नाव नका घेऊ. चार दिस झाले, पंपाला हात नाय लावला. पंपाची नळीच फुटलीय, बघा पायजे तर."

"नाव घेत नाही. एवढंच सांगा भाऊ, काल पाखरं आली कुठून?"

"आली म्हंजे?"

"उडत आली का, चालत आली?"

सावळीरामनं इकडंतिकडं बघितलं. "मला सकाळी पुढच्या गेटवर झेंडूच्या माळा लावायला पाठवलं. दुपारी माघारी आलो तर बसलेली. मी म्हनलं, माझ्या मेंदीला पानसुद्धा धड नाय, हिला कशी भुलली पाखरं?" मग आवाज खाली करून, "अश्विन सर होते इथं. त्यांनी मला पलीकडंच थांबवलं. म्हनले, पक्षी लाजाळू हायेत."

अश्विन सर हे हरित परिसराचे समन्वयक. शिकवतात वाणिज्य. पक्ष्यांतला कावळा ओळखतात, तोही ओरडला तर. बाई गेल्या तेव्हा ते कालच्याच शर्टात, जाकीट खांद्यावर टाकून, कंगवा फिरवून समितीच्या सकाळच्या बैठकीला निघाले होते.

"पक्षी आपोआप आले, मॅडम," ते म्हणाले. "आपण वातावरण निर्माण केलं की निसर्ग प्रतिसाद देतो."

"रंग लावून देतो का?"

"काय?"

"तुमच्या बाहीला लाल कशाचं लागलंय, सर?"

सरांनी बाही बघितली. पांढऱ्या शर्टाची बाही, आतल्या बाजूनं मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके ठिपके. "कुंकू. काल पाहुण्यांना ओवाळलं ना."

"ओवाळताना कुंकू कपाळाला लागतं. पिंजऱ्यात हात घालून पाखरं काढताना बाहीच्या आत लागतं."

सर खाली बसले. माणूस बसतो कसा त्यावरून बाई पूर्वी बरंच ओळखायच्या. हा चोरासारखा बसला नव्हता. शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला होता.

"मी मारली नाहीत," ते म्हणाले. "शपथ घेतो. मला आणायला सांगितलं, मी आणली. मरतील असं मला... मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी? मेल्यावर, का त्याआधी?"

सर उठले. बैठकीची वेळ झाली म्हणाले आणि बाहीवर जाकीट ओढून निघून गेले.

४

प्रयोगशाळेच्या टेबलावर तेजलनं पाखराची गळ्याखालची पिशवी उघडली. दाणे साठवायची पिशवी असते ती. आत पिवळे, बारीक, गोल दाणे होते.

"नागली?" बाईंनी विचारलं.

"नागली लालसर असते. हा राळा. पिंजऱ्यातल्या पाखरांना विकत आणून घालतात तो." तिचा आवाज पहिल्यांदा सरळ लागला. "मॅडम, यांनी माझा एक दाणाही खाल्लेला नाही."

"मग मेली कशानं?"

"ओली होऊन गारठली असावीत. एवढ्याशा जिवाला भिजल्यावर रात्र निघत नाही. पण हे जमत नाही. थंडी वाजली तर पाखरू उडून झाडात जाईल, वळचणीला जाईल. कारंज्याखाली कशाला बसेल?"

बाईंनी पाखराचे मिटलेले पंख दोन्ही हातांनी पसरले. डावा पंख पंख्यासारखा उघडला. उजवा अर्ध्यातच संपला. लांब पिसं कात्रीनं सरळ रेषेत कापलेली. मिटला की काही दिसत नव्हतं, उघडला की दिसत होतं. दुसरं पाखरू घेतलं. तेच. तिसरं. तेच.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "पोरी, मी पंचवटीत नोकरी केलीय. तिथं काही भक्त नदीवर येतात, पिंजऱ्यातलं पाखरू विकत घेतात आणि सोडून देतात. जीव सोडवल्याचं पुण्य. विकणारा पाखरू रंगवतो आणि एका बाजूचा पंख कापून ठेवतो. पाखरू सुटतं, कसंबसं जवळच्या भिंतीवर जाऊन बसतं. भक्त हात जोडतो, फोटो काढतो, घरी जातो. संध्याकाळी विकणारा येऊन सगळी पाखरं गोळा करतो. उद्या पुन्हा तीच. एकेका मुनियेनं किती जणांना स्वर्गात पाठवलंय, तिचं तिला ठाऊक."

"मग काल संध्याकाळी यांना कोणी गोळा का नाही केलं?"

बाई उठून स्कूटरची किल्ली शोधत होत्या. "तेच विचारून येते. तू कागदाला हात लावू नकोस."

५

पाखरं विकणारा भिकन पंचवटीत घाटामागच्या गल्लीत सापडला. बाईंनी त्याला पूर्वी दोनदा हाकलला होता, त्यामुळे ओळख जुनी. पिंजरे गोणपाटाखाली झाकलेले होते आणि भिकन भडकलेला होता.

"या बाई. पकडायला आला का? आधी माझी पाखरं द्या, मग पकडा."

"तुझी पाखरं मेली."

भिकननं हातातली बिडी टाकली. बराच वेळ काही बोलला नाही. माणूस सज्जन नव्हे, पाखरं पकडून विकणारा. पण त्या सबंध कॉलेजात मेलेल्या पाखरांसाठी एवढा वेळ गप्प बसलेला माणूस बाईंना दिसला नव्हता.

"लय हुशार माणसं हायेत तुमच्या कॉलेजात," शेवटी तो म्हणाला. "त्या सरांना मी बजावून सांगितलं व्हतं. म्हनलं, यांना वर चढता येत नाय, फांदीवरून पडली की खालीच राहत्यात. दिवस मावळायच्या आत मला येऊ द्या, मी टिपून घेतो. सर म्हनले, या."

"मग गेला नाहीस?"

"गेलो ना, जाळं घेऊन. फाटक बंद. आत गाणीबजावणी चाललेली. सर फाटकावर आले, घाबरलेले. म्हनले, मला परवानगी नाय, तूच बोल. अन् फोन लावून दिला."

"कोणाला?"

"नाव काय सांगितलं नाय. मी बोललो, साहेब, फाटकाच्या फटीतून मला दिसतंय, कारंज्याचं पाणी पाखरांवर उडतंय. भिजत्यात. पंख कापलेत, उडता येत नाय, आज राती गारठून मरतील. मी कुनाला दिसनार नाय, मागनं येतो, मागनं जातो. तर तो म्हनला, समिती आवारात हाय, जाळंवाला मानूस दिसला तर सगळं उघडं पडंल. उद्या ये."

"आवाज ओळखशील?"

"आवाजाचं काय सांगू? पन एक इसरनार नाय." भिकन पहिल्यांदा हसला, कडवट. "जन्मात मला कुनी इतक्या मानानं हाकललं नाय, बाई. म्हनला, उद्या या, महाराज."

६

पाहुण्यांच्या दालनात जेवणं उरकत आली होती. समितीचे अध्यक्ष, दोन सदस्य, साहेब, अश्विन सर. कोपऱ्यात तेजल, तिच्यापुढे तो कागद. चंद्रभागाबाई आत आल्या आणि स्टीलचा डबा ताटांच्या मधोमध ठेवून उघडला. कोणीतरी गोड समजून पुढे वाकलं आणि मेलेली पाखरं बघून मागे सरलं.

"निरभवणे मॅडम, ही काय पद्धत?" साहेब म्हणाले.

"पद्धत नाही माहीत, साहेब. मी हवालदार होते." त्या उभ्याच राहिल्या. "विष नव्हतं. त्याच ताटलीत खाणारी, तेच पाणी पिणारी कबुतरं बाहेर धडधाकट आहेत. पाणी लाल झालं ते रंगानं, पाखरं रंगवलेली होती. पोटात नागली नाही, राळा आहे. म्हणजे तेजलच्या दाण्याशी यांचा संबंध नाही. एक पंख कापलेला, म्हणजे पंचवटीतली विकत सोडायची पाखरं. आणली अश्विन सरांनी. विकणारा संध्याकाळी न्यायला आला, त्याला आत घेतलं नाही. रात्रभर तुमच्या राजहंसानं त्यांच्यावर पाणी उडवलं. मेली थंडीनं. आत घेऊ नका म्हणून सांगणारा माणूस या टेबलावर बसलाय."

साहेबांनी अश्विन सरांकडे बघितलं. असं बघितलं की सरांनी वाटी ताटात खाली ठेवली.

"अश्विन, हे तुम्ही मला अंधारात ठेवून केलंत?"

सरांचं तोंड उघडलं आणि मिटलं. घर, हप्ते, नोकरी, सगळं त्या मिटण्यात होतं. ते कबूल करणार हे सगळ्यांना दिसलं.

"थांबा, सर," बाई म्हणाल्या. "तुमच्या वाट्याचं तेवढंच घ्या. साहेब, तुम्हाला हे कधी कळलं?"

"आत्ता. तुमच्याकडून."

"सकाळी पाखरांपाशी तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"अनेक गोष्टी म्हणालो. मन हेलावलं होतं."

"म्हणालात, पंख असून उडता आलं नाही बिचाऱ्यांना. मी तिथं होते, माळी होता, निम्मं कॉलेज होतं. विषानं मेलेलं पाखरू मरतं, त्याला उडता येत होतं की नाही हा प्रश्न येतो कुठून? पंख कापलाय हे मिटलेल्या पंखात दिसत नाही. आम्हाला तो उलगडल्यावर दिसला. तुम्ही तर हातही लावला नव्हता. ज्याला आदल्या संध्याकाळी कोणी सांगितलं होतं, त्यालाच ते ठाऊक असणार."

"ते मी आपलं काव्यात बोललो."

"मग विकणाऱ्यालाही काव्यात बोललात? त्याला 'महाराज' म्हणणारा माणूस या नाशकात मला एकच माहीत आहे."

 मग अश्विन सर ताटाकडे बघत म्हणाले, "मी फोन लावून दिला होता. साहेबांना." इतक्या हळू म्हणाले की समितीच्या अध्यक्षांना ऐकू आलं नसावं. किंवा आलं असावं. त्यांनी गुलाबजामचा शेवटचा तुकडा संपवला, हात पुसले आणि म्हणाले, "हा तुमचा अंतर्गत विषय दिसतो."

तेजल उठली. डब्यातलं ओलं पाखरू तिनं दोन बोटांनी अलगद काढलं आणि साहेबांपुढे तो कागद सरकवून सहीच्या जागेवर ठेवलं. उचललं तेव्हा कागदावर लाल ठसा उमटला होता, अंगठ्याएवढा.

"सही हवी होती ना, सर? ही घ्या," ती म्हणाली आणि पाखरू ओंजळीत घेऊन निघून गेली.

७

पुढचं रहस्य नाही. पुढचं नाशकातल्या कोणालाही न वाचता सांगता येईल. वनखात्यानं भिकनला नेलं. पाखरं पकडणारा गुन्हेगार, मागवणारे शिक्षणमहर्षी. अश्विन सरांची वणीकडच्या शाखेत बदली झाली. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला आणि संकेतस्थळावर लाल मुनियांचा फोटो अजून आहे, खाली 'आमचे सोबती' असं लिहून. तेजलवर गुन्हा लागला नाही, कारण लावला असता तर डबा पुन्हा उघडावा लागला असता. तिच्या तासिका मात्र नव्या सत्रात संपल्या. कायम जागेची मुलाखत पुढे ढकलली आहे. कुठवर, ते सांगत नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती, साहेब, म्हणून ती उरली. मुलींच्या वसतिगृहामागचा कोपरा. जेसीबी तिथंही आला होता, पण चंद्रभागाबाईंनी ड्रायव्हरला मुलींच्या वसतिगृहामागे यायची बंदी दाखवून परत पाठवला होता. त्यामुळे तिथं एक बाभूळ राहिली, दोन बोरी राहिल्या, गुडघ्याएवढं गवत राहिलं. तुमच्या भाषेत उकिरडा.

सामान न्यायला आली त्या दिवशी तेजल तिथं थांबली. गवतात रानमुनियांचा थवा दाणे टिपत होता. बदामी पाखरांत मधेमधे लाल ठिपके. फिकट पडत चाललेले, पण लाल. काही जणी त्या संध्याकाळी मेंदीच्या मुळाशी शिरून, फरशा ओलांडून, पायी पायी इथवर आल्या असणार. सबंध विहंगवनात त्यांना जगायला जागा नव्हती, उकिरड्यात होती. थवा उडाला तेव्हा त्या गवतातच राहिल्या.

"नवी पिसं येतील," तेजल म्हणाली. "तोवर गवत राहिलं पाहिजे."

काल तुम्ही ते गवत कापायचा हुकूम काढलात. वसतिगृहाच्या मागच्या दाराला चंद्रभागाबाईंनी कुलूप लावलंय आणि किल्ली कमरेला आहे. ती त्या तुम्हाला देणार नाहीत. पण गवताचं मी आज विचारत नाही. मला एकच विचारायचंय.

फाटकाबाहेर जाळं घेऊन एक माणूस उभा होता. तुम्हाला सांगत होता की ती मरतील. तुमच्या दालनाची खिडकी त्या कारंज्यावर उघडते. 'आत सोडा' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला ऐकूही गेलं नसतं. का नाही म्हणालात?

लेखी नको. लेखी तुम्ही एका निरपराध बाईकडून मागितलं होतं. तोंडी सांगा, त्या कुंडापाशी उभं राहून, रुमाल खिशात ठेवून. आम्ही ऐकायला येतो. कधी येऊ, साहेब?